स्पॅनिश ग्रामर डोक्यात बसत नाहीये? इंग्रजीचा वळसा सोडा, मराठीतून सरळ या

ज्यांनी हौसेने स्पॅनिश सुरू केलं, अ‍ॅपवर रोज थोडं थोडं केलं, हॉटेलात ऑर्डर देण्यापुरतं जमायला लागलं आणि मग सेर-एस्तार (दोन्हीचा अर्थ 'असणे'), दोन-दोन भूतकाळ, सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप) यांच्यापाशी येऊन गाडी रुतली, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः तिथेच अडकले होते. मूळची साताऱ्याची, नोकरी पुण्यात, टीमचं काम मेक्सिको आणि कोलंबियातल्या लोकांशी, त्यामुळे स्पॅनिश शिकणं भागच होतं. क्लास लावला, पुस्तकं घेतली, सगळं इंग्रजीतून. ए-टू लेव्हल (सहातली दुसरी) मला दोनदा करावी लागली.

कुठे अडलं ते सांगते. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य शिकवायला आमच्या क्लासमध्ये जवळजवळ दोन तास गेले. मला कॉफी आवडते, एवढाच अर्थ. पण पुस्तक इंग्रजी माणसासाठी लिहिलेलं, त्याच्या भाषेत 'मी' कॉफीला आवडून घेतो, म्हणून त्याला सांगावं लागतं की बाबा रे इथे वाक्य उलटं आहे, कॉफी कर्ता आहे, ती तुला आनंद देते वगैरे वगैरे. आम्ही वीस मराठी पोरंपोरी मान डोलावत ते उलटं-सुलटं पाठ करत होतो. मी वहीच्या कोपऱ्यात सहज 'मला कॉफी आवडते' लिहिलं आणि बघतच राहिले, मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते, एल काफे म्हणजे कॉफी. उलटं काहीच नव्हतं. उलटं होतं ते इंग्रजी.

तेव्हापासून मी प्रत्येक अवघड मुद्दा आधी मराठीत मांडून बघायला लागले. सगळं नाही जुळत, काही ठिकाणी मराठीच पाय अडकवते, तेही खाली सांगितलंय. पण ज्या गोष्टींवर इंग्रजी पुस्तकं पन्नास-पन्नास पानं खर्च करतात त्यातल्या बऱ्याच आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत.

सुरू करायच्या आधी काय काय लागेल

- एक जाड वही. दोन रकाने करा, डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. इंग्रजीला रकाना ठेवू नका, हे खरंच महत्त्वाचं आहे.
- फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड, म्हणजे अक्सेंटची खूण आणि 'न्य' चं अक्षर टाइप करता येईल.
- रेआल आकादेमिआ एस्पान्योला या संस्थेची ऑनलाइन डिक्शनरी. १७१३ साली स्थापन झालेली ही स्पेनची भाषा अकादमी, डिक्शनरी फुकट आहे आणि क्रियापद शोधलं की त्याची सगळी रूपंही मिळतात.
- फोनचा व्हॉइस रेकॉर्डर. स्वतःचं बोलणं ऐकायला.

१. पहिल्या दिवसापासून स्पेलिंग रोमनमध्ये लिहा

या लेखात मी स्पॅनिश देवनागरीत लिहितेय कारण वाचायला सोपं पडतं, पण तुमच्या वहीतल्या स्पॅनिश रकान्यात असं करू नका. मी सुरुवातीचे दोन महिने केलं आणि नंतर सगळं परत शिकावं लागलं. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही दोन्हीचा उच्चार 'ब' सारखाच, एच तर मुकाच. 'ओला' ऐकलं तर ते 'नमस्कार' पण असू शकतं आणि 'लाट' पण, फरक फक्त त्या मुक्या एचचा.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे जोर. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये 'आब्लो' मधल्या 'आ' वर जोर दिलात तर 'मी बोलते', आणि 'ब्लो' वर दिलात तर 'तो बोलला'. माणूस पण बदलला आणि काळ पण! नियम सोपा आहे: शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, बाकी कशानेही संपला तर शेवटच्या अक्षरावर, आणि याला अपवाद असेल तिथे अक्सेंटची खूण दिलेलीच असते. म्हणून ती खूण म्हणजे नक्षी नाही, स्पेलिंगचाच भाग आहे.

बाकी उच्चारात आपण नशीबवान आहोत. त, द, प, क हे स्पॅनिश आवाज जवळजवळ आपलेच. इंग्रजी माणसाच्या तोंडून 'ताको' चं 'ठाको'च्या जवळ जाणारं काहीतरी निघतं, आपल्याला ते शिकवावंच लागत नाही. फक्त दोन आरचा लांब 'र्र' घोटून घ्या, 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

२. 'मला'वाली क्रियापदं एका गठ्ठ्यात शिका

मराठीत ज्या वाक्यात 'मला' येतं ती वाक्यं वहीत एकत्र लिहा.

मला आंबे आवडतात – मे गुस्तान लोस मांगोस.
माझं डोकं दुखतंय – मे दुएले ला काबेसा (शब्दशः 'मला डोकं दुखतंय').
मला दोन पेसो कमी पडतायत – मे फाल्तान दोस पेसोस.
मला वाटतं की... – मे पारेसे के...

आंबा एक असेल तर आवडतो, अनेक असतील तर आवडतात, बरोबर? तसंच गुस्ता आणि गुस्तान. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. हे समजायला इंग्रजी माणसाला आठवडे लागतात, आपल्याला फक्त 'मी मनातल्या मनात इंग्रजीत वाक्य करत नाहीये ना' एवढं बघायचंय. 'यो गुस्तो' असं तोंडातून निघालं की समजा की इंग्रजीतून आलात.

एक सापळा: भूक, तहान, झोप. मराठीत 'मला भूक लागलीय', पण स्पॅनिशमध्ये हे 'तेन्गो आम्ब्रे', म्हणजे 'माझ्याकडे भूक आहे' असं. वयाचंही तेच, 'तेन्गो त्रेइन्ता आन्योस', माझ्याकडे तीस वर्षं आहेत. इथे मराठी पण उपयोगाची नाही आणि इंग्रजी पण नाही, पाठ करा आणि पुढे चला.

३. माणसाला 'ला' लावतो ना, तोच 'आ'

पुस्तकात याला पर्सनल ए म्हणतात आणि त्याचे सात-आठ नियम देतात. मराठीत बघा:

मी चावी शोधतेय – बुस्को ला यावे.
मी मुलाला शोधतेय – बुस्को आ मि इहो.

चावीला 'ला' लावला नाही, मुलाला लावला. कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. आणि गंमत म्हणजे अपवादसुद्धा जुळतात. 'आम्ही सेक्रेटरी शोधतोय', म्हणजे अजून कोण ते ठरलेलं नाही, तिथे मराठीत पण 'ला' नाही आणि स्पॅनिशमध्ये पण 'आ' नाही, बुस्कामोस उना सेक्रेतारिआ. पण 'त्या सेक्रेटरीला शोधतोय' म्हटलं की दोन्हीकडे आला, बुस्कामोस आ ला सेक्रेतारिआ. घरातल्या कुत्र्याला पण लावतात, जसं आपण लावतो. मला ज्या दिवशी हे दिसलं त्या दिवशी मी ते सात-आठ नियम वहीतून खोडून टाकले.

४. 'त्याला-ते-दिलं' हाच क्रम

से लो दि. म्हणजे त्याला ते दिलं.
मे लो दिओ. मला ते दिलं (त्याने).
ते लो दिगो. तुला ते सांगते.

शब्दाला शब्द, त्याच क्रमाने! आधी कोणाला, मग काय, मग क्रियापद. इंग्रजीत हे अगदी उलट्या क्रमाने येतं म्हणून तिथून येणारे लोक प्रत्येक वेळी मनात तीन शब्द फिरवून बसवतात. तुम्ही नका फिरवू, बोला सरळ. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की 'ले' (त्याला) आणि 'लो' (ते) असं 'ले लो' एकापाठोपाठ चालत नाही, ले चं 'से' होतं.

पण इथे मराठीचा पण एक खड्डा आहे. आपल्याला 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला विचारलं' मध्ये 'त्याला' एकच. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'लो' आणि दुसऱ्याला 'ले'. मी अशी चाचणी लावते: वाक्याला 'काय?' विचारा. त्याला विचारलं, काय विचारलं? प्रश्न विचारला, म्हणजे वस्तूची जागा भरलेली आहे, माणूस 'ले'. त्याला पाहिलं, काय पाहिलं? त्यालाच, म्हणजे माणूस स्वतःच ती जागा अडवून बसलाय, तो 'लो'. दहातल्या नऊ वेळा चालतं. स्पेनमध्ये बरेच लोक पुरुषासाठी 'लो' च्या जागी पण 'ले' म्हणतात, ते ऐकून गोंधळू नका, तिकडे ती पद्धत मान्य आहे.

५. 'से' म्हणजे फोडणे आणि फुटणे

हा 'से' वेगळा, मागच्या मुद्द्यातला 'ले' चा झालेला 'से' नाही. हा मुद्दा मी नीट सांगणार आहे कारण याच्यावरून माझं ऑफिसमध्ये प्रकरण झालं होतं.

क्लायंटशी कॉल चालू होता, आमच्याकडे नेट गेलं, कॉल कट झाला. परत लावला आणि मी म्हणाले, 'पेर्दोन, कोर्ते ला यामादा.' पलीकडे एकदम शांतता. नंतर मॅनेजरने सांगितलं की क्लायंट विचारत होता, तिने कॉल का कापला? कारण मी तेच म्हणाले होते, 'माफ करा, मी कॉल कापला.' मला म्हणायचं होतं 'से कोर्तो ला यामादा', कॉल कट झाला, किंवा 'से मे कोर्तो', माझा कॉल कट झाला, माझ्याकडून पण मुद्दाम नाही.

मराठीत हा फरक क्रियापदातच असतो. फोडणे-फुटणे, जाळणे-जळणे, उठवणे-उठणे, बसवणे-बसणे, झोपवणे-झोपणे. स्पॅनिशमध्ये दोन वेगळी क्रियापदं नाहीत, एकच आहे आणि त्याला 'से' जोडला की फोडण्याचं फुटणं होतं:

रोम्पेर – फोडणे, रोम्पेर्से – फुटणे
केमार – जाळणे, केमार्से – जळणे
देस्पेर्तार – उठवणे, देस्पेर्तार्से – उठणे
सेन्तार – बसवणे, सेन्तार्से – बसणे

इंग्रजी पुस्तक याला रिफ्लेक्झिव्ह म्हणतं आणि 'मी स्वतःला उठवतो, मी स्वतःला बसवतो' असं समजावतं, ते वाचून माझ्या डोळ्यासमोर कोणीतरी स्वतःच्या खांद्याला धरून खुर्चीत बसवतंय असंच यायचं. सोडून द्या ते.

आता यात 'मे' घाला. से मे कायो एल बासो – माझ्या हातून ग्लास पडला. से मे कायेरोन लास यावेस – माझ्या हातून चाव्या पडल्या. ग्लास पडला, चाव्या पडल्या, क्रियापद वस्तूच्या मागे, आणि मी फक्त 'माझ्या हातून' एवढीच. से मे ओल्बिदो – माझ्या लक्षातून गेलं. ज्याला 'माझ्या हातून', 'माझ्याकडून' हे म्हणता येतं त्याला हे शिकायला पाच मिनिटं पुरतात.

अजून एक, हे कुठल्याच पुस्तकात मला असं सापडलं नाही, स्वतः जुळवलंय. 'से कोमिओ तोदा ला पित्सा' मधला 'से' कशाला? खाल्लं तर खाल्लं. पण मराठीत म्हणून बघा, अख्खा पिझ्झा 'खाऊन टाकला'. तो 'टाकला' म्हणजे हा 'से'. तसंच इर म्हणजे जाणे, इर्से म्हणजे निघून जाणे. दोर्मिर म्हणजे झोपणे, दोर्मिर्से म्हणजे झोप लागणे. सगळीकडे बसत नाही, 'केहार्से' म्हणजे तक्रार करणे, त्यात 'से' का आहे हे विचारत बसू नका, तो आहेच.

६. सेर की एस्तार? 'झालंय' लावून बघा

सगळीकडे सांगतात की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम विसरा. मेलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, एस्तार! मरणाहून कायमचं काय असतं?

मला हे उलगडलं ते आमच्या घरी. टीममधली एक मेक्सिकन मैत्रीण पुण्याला आली होती, तिला जेवायला बोलावलं, आईने पिठलं-भाकरी केली. पहिला घास घेऊन ती म्हणाली, 'एस्ता रिकीसिमो!' आईने विचारलं काय म्हणते गं ती? मी पटकन म्हणाले, 'मस्त झालंय म्हणते.' आणि माझं मलाच लक्षात आलं, मी 'मस्त आहे' नाही म्हणाले, 'झालंय' म्हणाले. तिचा एस्तार माझ्या तोंडातून 'झालंय' होऊन आला.

मग एकेक लावून बघितलं:

दमलाय – एस्ता कान्सादो
बसलाय – एस्ता सेन्तादो
रागावलाय – एस्ता एनोहादो
मोडलंय – एस्ता रोतो
मेलाय – एस्ता मुएर्तो
कॉफी गार झालीय – एल काफे एस्ता फ्रिओ

जिथे मराठीत 'लाय, लीय, लंय' येतं तिथे एस्तार. म्हणजे काहीतरी होऊन ही स्थिती आलीय. 'लिस्ता' शब्द तर चाचणीसाठी उत्तम, एस्तोय लिस्ता म्हणजे तयार झालेय, सोय लिस्ता म्हणजे हुशार आहे. वस्तू कुठे आहे हे सांगताना पण एस्तार, ते वेगळं लक्षात ठेवा.

आणि ठिकाणाच्या बाबतीत एक सापळा, यात मी स्वतः बरेच दिवस चुकत होते. 'मीटिंग तिसऱ्या मजल्यावर आहे' हे सेरने होतं, म्हणजे 'एस', तुम्ही 'एस्ता' म्हणाल आणि चुकाल. चाचणी अशी, 'आहे' च्या जागी 'होणार आहे' बसतं का? मीटिंग तिसऱ्या मजल्यावर होणार आहे, बसलं, मग सेर. 'प्रिंटर तिसऱ्या मजल्यावर होणार आहे' बसत नाही, मग एस्तार. लग्न, पार्टी, मॅच, परीक्षा सगळ्यांना हेच.

७. दोन भूतकाळ: जायचे आणि गेले

इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा सगळ्यात मोठा डोंगर वाटतो कारण त्याच्याकडे 'वेंट' एकच. आपल्याकडे 'जायचे', 'जात होते', 'जात असे' एका बाजूला आणि 'गेले' दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू म्हणजे इम्पेर्फेक्तो, दुसरी इन्देफिनिदो. लहान होते तेव्हा आम्ही साताऱ्याला राहायचो – क्वान्दो एरा निन्या, बिबिआमोस एन सातारा. मग एक दिवस पुण्याला आलो, तिथे इन्देफिनिदो.

पण खरी मजा पुढे आहे. पुस्तकात एक यादी असते, की काही क्रियापदांचा अर्थ भूतकाळात बदलतो, ती पाठ करा. पाठ करायची गरजच नाही:

साबिआ – माहीत होतं, सुपे – कळलं
कोनोसिआ – ओळखत होते, कोनोसि – ओळख झाली
पोदिआ – करता येत होतं, पुदे – जमलं
नो केरिआ – इच्छा नव्हती, नो किसो – तयारच झाला नाही

अर्थ बदलत नाही हो, 'माहीत होतं' आणि 'कळलं' मध्ये जो फरक आहे तोच आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द म्हणून त्यांना यादी करावी लागली.

इथे सापळे दोन. पहिला 'होता'. 'पार्टी छान होती' असं आपण सर्रास म्हणतो आणि मग 'एरा' लिहितो. 'होती' च्या जागी 'झाली' बसवून बघा, पार्टी छान झाली, बसलं की 'फुए'. दुसरा, 'मी तिथे तीन वर्षं राहत होते'. मराठीत 'राहत होते' चालतं, पण स्पॅनिशमध्ये किती काळ ते मोजून सांगितलं आणि तो काळ संपलेला असेल तर 'बिबि', म्हणजे 'राहिले'. आकडा दिसला की सावध व्हा. अजून राहत असाल तर सरळ वर्तमानकाळ, बिबो आकि देस्दे आसे त्रेस आन्योस, 'तीन वर्षांपासून इथे राहते', अगदी मराठीसारखं.

८. सब्जंक्टिव्ह: यावं, व्हावं, होवो, असेल

याचं नाव ऐकूनच लोक क्लास सोडतात. मी म्हणते आधी रूपं घोटू नका, आधी आपल्या बोलण्यात तो कुठे आहे ते ओळखा.

तू यावंस असं मला वाटतं – किएरो के बेन्गास.
तुला कळावं म्हणून – पारा के एन्तिएन्दास.
तो येईल असं वाटत नाही – नो क्रेओ के बेन्गा.
तुझं चांगलं होवो – के ते बाया बिएन.
पाऊस पडू दे रे देवा – ओहाला युएबा.

हा 'ओहाला' अरबीतून आलाय, 'अल्लाची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या शब्दांतून, स्पेनच्या मोठ्या भागावर ७११ पासून १४९२ पर्यंत कमी-जास्त प्रमाणात मुस्लिम राजवटी होत्या त्या काळाची ही खूण. त्याच्यानंतर नेहमी सब्जंक्टिव्ह.

थोडक्यात, जे घडलेलं नाही, घडावं असं वाटतं, किंवा घडेल की नाही शंका आहे. माझं आवडतं उदाहरण घर शोधण्याचं आहे. 'गॅलरी असेल असा फ्लॅट शोधतेय', म्हणजे असा फ्लॅट मिळेल की नाही माहीत नाही, तिथे 'के तेन्गा बाल्कोन'. 'गॅलरी आहे तो फ्लॅट शोधतेय', म्हणजे बघितलेला आहे, पत्ता सापडत नाहीये, तिथे 'के तिएने बाल्कोन'. असेल आणि आहे, एवढाच फरक, आणि तो तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता जिथे मराठी फसवते ते. 'पोचलीस की फोन कर', आपण इथे चक्क भूतकाळी रूप वापरतो, स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्ह लागतो, क्वान्दो येगेस, यामामे. 'पाऊस पडला तर जाणार नाही' मध्ये पण आपण 'पडला' म्हणतो, पण 'सि' म्हणजे 'जर' नंतर साधा वर्तमानकाळ येतो, सि युएबे, नो बोय. 'पैसे असते तर फिरले असते' ला मात्र सब्जंक्टिव्हचं भूतकाळी रूप, सि तुबिएरा दिनेरो, बिआहारिआ. आणि 'तू आलीस याचा आनंद झाला' यात तर सगळं घडलेलं आहे, शंका कसलीच नाही, तरी सब्जंक्टिव्ह लागतो. भावना व्यक्त केली की लागतो असा नियम आहे, मराठीत याला जोड नाही. याची वेगळी पानं करा वहीत.

९. पोर आणि पारा, पटकन

पारा म्हणजे पुढे बघणारा: साठी, कडे, सोमवारपर्यंत (पारा एल लुनेस), शिकायला आले (बिने पारा आप्रेन्देर). पोर म्हणजे मागचं कारण किंवा मधला रस्ता: मुळे, मधून, फोनवरून, शंभर पेसोंना. अडचण फक्त 'साठी' ची, कारण 'तुझ्यासाठी केलं' मध्ये दोन्ही असू शकतं. 'तुझ्याखातर, तुझ्यामुळे' असं म्हणता येत असेल तर पोर ति, 'हे तुला द्यायला' असेल तर पारा ति.

१०. लिंग मराठीतून आणू नका

ही एकच पायरी अशी आहे जिथे मराठी पूर्ण बाजूला ठेवायची. शब्दाला लिंग असतं आणि विशेषणही बदलतं ही कल्पना आपल्याला फुकट मिळालीय, चांगला-चांगली सारखंच बुएनो-बुएना. पण कुठल्या शब्दाला कुठलं ते मात्र वेगळं. तो हात, पण ला मानो. तो चंद्र, पण ला लुना. ते पुस्तक, पण एल लिब्रो. नपुंसकलिंगी नाम तिथे नसतंच. 'आ' ने संपणारे पण पुल्लिंगी असलेले वेगळे लिहून ठेवा: एल प्रोब्लेमा, एल सिस्तेमा, एल इदिओमा (हे 'मा' वाले ग्रीकमधून आलेत), शिवाय एल दिआ, एल मापा. 'एल आग्वा' फसवतं, पाणी स्त्रीलिंगीच आहे, फक्त पुढे जोर असलेला 'आ' आला म्हणून 'ला' चं 'एल' झालं, विशेषण मात्र फ्रिआ. प्रत्येक नाम एल किंवा ला लावूनच वहीत लिहा, नुसतं कधीच नाही.

ओळखीचे शब्द मात्र भेटतील. आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेले पगार, चावी, साबण, बटाटा यांचे भाऊबंद स्पॅनिशमध्ये आहेत: पागार म्हणजे पैसे देणे, यावे, हाबोन, पाताता. गोव्याच्या लोकांना तर घरात मेज आहेच, तिकडे ला मेसा. इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून मात्र जपून. 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, लाजलेली नव्हे. एक्सितो म्हणजे यश. आसिस्तिर म्हणजे बहुतेक वेळा हजर राहणे, मदत करणे नाही.

११. परीक्षा द्यायची असेल तर

डेले ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्बान्तेस घेते, १९९१ साली स्पेनने सुरू केलेली संस्था, भारतात तिचं केंद्र दिल्लीला आहे. लेव्हल ए-वन ते सी-टू. या सर्टिफिकेटला मुदत नसते, एकदा मिळालं की मिळालं. सिएले नावाची दुसरी परीक्षा कॉम्प्युटरवर होते, तिचं सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. नोकरीसाठी हवंय की स्पेनला शिकायला जायचंय त्याप्रमाणे आधी विचारून घ्या की समोरच्याला कुठलं चालतं.

लागणारी कागदपत्रं फार नाहीत: फोटो असलेलं ओळखपत्र (पासपोर्ट सगळ्यात सोयीचा), नोंदणीची प्रत, आणि परीक्षेच्या दिवशी तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात, झेरॉक्स नाही. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, काही कागदांवर असतं काहींवर नसतं, आडनाव आधी की नंतर हा घोळ तर वेगळाच. फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच अक्षर न् अक्षर लिहा, डिप्लोमावर तेच छापून येतं.

बी-वनला वाचन आणि लेखन एका गटात, ऐकणं आणि बोलणं दुसऱ्या गटात, प्रत्येक गटात पन्नासपैकी तीस मार्क लागतात. म्हणजे लेखनात थोडे कमी पडले तर वाचन सांभाळून घेतं, पण पहिला गट कितीही चांगला गेला तरी दुसऱ्यात तीसच्या खाली आलात तर नापास. आपली मंडळी बहुतेक दुसऱ्याच गटात अडकतात, कारण क्लासमध्ये आपण लिहितो भरपूर आणि बोलतो फार कमी.

म्हणून शेवटचे दोन महिने मी रोज रात्री एक काम करायचे. दिवसभरात घरी जे खरंच बोलले त्यातली पाच मराठी वाक्यं आठवायची, 'दूध उतू गेलं', 'तिला सांगायचं राहूनच गेलं', 'लवकर यावंस गं', अशी, आणि ती स्पॅनिशमध्ये मोठ्याने रेकॉर्ड करायची, मध्ये इंग्रजी न येऊ देता. सकाळी बसमध्ये ऐकायची. कुठे अडखळले ते लगेच कळायचं, आणि तेवढाच मुद्दा त्या दिवशी वहीत उघडायचा.